आधी नाव सांगा, मग माल देतो



गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या बचत गटाची बैठक संपत आली होती आणि आमच्यातल्या एक वहिनी शिलाई मशीनचा बॉबिन केस शोधत होत्या. मशीन जुनं, तालुक्याच्या दुकानात त्याचा सुटा भाग मिळेना. गटातल्या एका मुलीनं आपल्या फोनवर तो शोधून दिला. किंमत दीडशेच्या आत, चार दिवसांत घरपोच, आणि पैसे पार्सल हातात आल्यावर. वहिनी खूश. दोन बॉबिन केस आणि सुयांचं एक पाकीट त्यांनी फोनमधल्या टोपलीत टाकलं आणि ऑर्डरचं बटण दाबलं. तेव्हा पान उघडलं ते वेगळंच. आधी अकाउंट तयार करा, म्हणे. मोबाईल नंबर टाका, ओटीपी येईल तो भरा, मग पुढे.

वहिनींच्या घरात नंबर एकच. तो फोन दादांच्या खिशात, आणि दादा बाजाराला गेलेले. नंबर टाकला, ओटीपी तिकडे गेला. इकडून फोन करून विचारलं तर दादा म्हणाले, "यात लिहिलंय, हा नंबर कुणालाही सांगू नका." बायकोलाही त्यांनी तो सांगितला नाही. आम्ही सगळ्या हसलो. मशीन मात्र आणखी दहा दिवस तसंच पडून राहिलं आणि पोरांच्या शाळेच्या गणवेशाचं काम दुसरीकडे गेलं.

हसून झाल्यावर वहिनींनी एक प्रश्न विचारला. "मी रोख पैसे देणार आहे. उधार थोडंच मागतेय? मग माझं खातं कशाला काढायचं?"

प्रश्न साधा वाटला तरी आम्हाला पटकन उत्तर देता येईना. रेडिओवरच्या या भाषणासाठी आम्ही थोडं वाचलं, थोडं गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं. तेव्हा लक्षात आलं की दुकानदारानं गिऱ्हाइकाचं खातं काढणं ही फार जुनी गोष्ट आहे. पण पूर्वी ते कुणी कुणासाठी काढायचं आणि आज कुणासाठी काढतं, यात मोठा फेर झाला आहे.

आपल्या गावच्या वाण्याचं दुकान आठवा. तिथे गिऱ्हाइकं दोन प्रकारची. एक रोखीचं, एक खात्याचं. रोखीच्या गिऱ्हाइकाला वाणी नाव विचारत नसे. परगावचा वाटसरू आला, पावशेर गूळ मागितला, पैसे टाकले, पुडा घेतला, निघाला. कोण कुठला, कशाला विचारायचं? नाव फक्त उधारीच्या वहीत यायचं. आणि त्या वहीत पान मिळणं ही सहज गोष्ट नव्हती. घर माहीत हवं, जमीन किंवा नोकरी माहीत हवी, कुणीतरी हमी घ्यायला हवी. 'त्याचं दुकानात खातं आहे' याचा अर्थ त्याच्यावर गावाचा भरवसा आहे. दिवाळीच्या पाडव्याला वाणी नव्या वहीची पूजा करायचा, जुनी बाकी नव्या पानावर ओढायचा. खातं म्हणजे वाण्यानं टाकलेला विश्वास होता. ओझंही होतं, कारण बाकी फिटेपर्यंत दुसऱ्या दुकानाची पायरी चढायची सोय नव्हती.

त्या वहीची आणखी एक गोष्ट आमच्या गटातल्या सगळ्यांत थोरल्या अक्कांनी सांगितली. दुकानात जायच्या बायका, सामान न्यायच्या बायका, आज साखर किती लागेल याचा हिशोब बायकांच्या डोक्यात. पण पानावर नाव नवऱ्याचं. नवरा वारला तर थोरल्या मुलाचं. अक्का म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी त्या दुकानात सामान भरलं. वहीत माझं नाव कधी आलं नाही. 'घरून नेलं' एवढंच लिहायचा." हे 'घरून' म्हणजे अक्का.

ही गोष्ट मनात ठेवा. पुढे लागणार आहे.

खात्याची दुसरी एक तऱ्हा इंग्लंडात सापडते. रॉचडेल नावाच्या गिरणगावात 28 जणांनी मिळून 21 डिसेंबर 1844 रोजी स्वतःचं किराणा दुकान उघडलं. लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या, एवढाच माल. सहकाराचा इतिहास सांगताना सगळे तिथूनच सुरुवात करतात. आपल्याला त्यातली एकच बाब बघायची आहे. तिथे उधारी नव्हती, विक्री रोखीनंच. तरीही सभासदाचं नाव लिहिलं जायचं, कारण ज्यानं जितकी खरेदी केली त्या प्रमाणात नफ्याचा वाटा त्याला परत मिळायचा. पुढे अशा दुकानांतून प्रत्येक सभासदाला क्रमांक मिळू लागला. सामान घेताना तो सांगायचा. आईचा तो क्रमांक तिकडच्या लोकांना म्हातारपणीही पाठ असे.

आणि 1846 साली एलायझा ब्रायर्ली नावाची बाई त्या दुकानाची सभासद झाली. लग्न झालेल्या स्त्रीला स्वतःच्या नावावर मिळकत ठेवण्याचा हक्क इंग्लंडच्या कायद्यानं 1870 आणि 1882 मध्ये दिला. त्याच्या कितीतरी आधी या दुकानाच्या वहीत बाईचं नाव बाई म्हणून लागलं होतं. म्हणजे खातं वाईट असतं असं आमचं म्हणणं नाही. नाव लिहून घेता, तर त्या बदल्यात देता काय, आणि नाव कुणाचं लिहिता, हे विचारायला हवं.

आता दूरवरून माल मागवण्याचं. आज आपण ज्याला 'कॅश ऑन डिलिव्हरी' म्हणतो ते नवं नाही. आपल्या देशात पोस्टानं 1877 सालीच व्ही.पी.ची सोय सुरू केली. दुकानदारानं पार्सल पोस्टात द्यायचं, पोस्टमननं ते घरी आणायचं, पैसे घेऊन मग हातात द्यायचं आणि पैसे दुकानदाराकडे पोचते करायचे. जुन्या मराठी मासिकांची मागची पानं चाळा, 'व्ही.पी.ने मागवा' अशा जाहिराती दिसतील. पुस्तकं, औषधं, घड्याळं. मागवणाऱ्यानं करायचं काय? एक पोस्टकार्ड लिहायचं. नाव, पत्ता, काय हवं ते. त्या दुकानाचं सभासद व्हा, एक गुप्त शब्द ठरवा, तो लक्षात ठेवा, आणि विसरलात तर आईच्या माहेरचं नाव सांगा, असं कुणी म्हणत नसे. एका पोस्टकार्डात व्यवहार व्हायचा. घराबाहेर फारसं न पडणारी बाईदेखील शेजारच्या पोराकडून कार्ड लिहून घेऊन पुस्तक मागवू शकत होती.

पुढे दूरची खरेदी तारेवर गेली. मायकेल ऑल्ड्रिच या इंग्रज माणसानं 1979 मध्ये घरचा टीव्ही टेलिफोनच्या तारेनं दुकानाच्या संगणकाला जोडून दाखवला. मे 1984 मध्ये इंग्लंडातल्या गेट्सहेड गावच्या जेन स्नोबॉल या 72 वर्षांच्या आजींनी आपल्या खुर्चीत बसून, टीव्हीच्या रिमोटनं, टेस्को या दुकानातून मार्गारीन, कॉर्नफ्लेक्स आणि अंडी मागवली. ज्या म्हाताऱ्या माणसांना दुकानापर्यंत जाणं जमत नाही त्यांच्यासाठी तिथल्या नगर परिषदेनं चालवलेला तो प्रयोग होता. सामान दारात आलं, आजींनी रोख पैसे दिले. घरबसल्या खरेदीच्या इतिहासात हे नाव पहिल्या काही नावांत घेतलं जातं, आणि ते एका आजीचं आहे, हे आम्हाला फार आवडलं.

मग इंटरनेट आलं. इथे थोडं तांत्रिक सांगावं लागेल, पण सोपं आहे.

इंटरनेटवरचं पान मुळात विसरभोळं असतं. तुम्ही एक पान उघडलंत, मग दुसरं उघडलंत, तर आधीची बाई आणि आताची बाई एकच आहे हे त्याला कळत नाही. मग टोपलीत टाकलेली वस्तू पुढच्या पानावर कशी राहणार? 1994 मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या अभियंत्यानं यावर तोड काढली. त्यानं एक छोटी चिठ्ठी तयार केली. दुकान ती चिठ्ठी गिऱ्हाइकाच्याच संगणकात ठेवतं आणि पुढच्या पानावर पुन्हा वाचतं. तिला त्यानं 'कुकी' नाव दिलं.

आपल्या पिठाच्या गिरणीत काय होतं? डबा ठेवला की गिरणीवाला त्यावर एक चिठ्ठी अडकवतो किंवा खडूनं आकडा टाकतो. संध्याकाळी तो आकडा बघून पीठ आपल्याला मिळतं. त्याला आपलं नाव, गाव, जन्मतारीख लागत नाही. आकड्यानं काम भागतं. कुकी तशीच होती. म्हणजे बघा, टोपली आठवणीत ठेवण्यासाठी खात्याची गरजच नव्हती. चिठ्ठी पुरेशी होती. वहिनींच्या टोपलीत दोन बॉबिन केस आणि सुया आहेत हे त्या दुकानाला खातं काढण्याआधीच माहीत होतं की नाही? (या चिठ्ठीचाही पुढे जाहिरातवाल्यांनी माग काढायला वापर केला, पण तो विषय आणखी एका भाषणाचा.)

मग खातं आलं कुठून?

याचं एक मोठं कारण अमेरिकेत घडलं. अ‍ॅमेझॉननं 1995 मध्ये पुस्तकं विकायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाचा पत्ता आणि कार्डाचा नंबर एकदा लिहून ठेवला की पुढच्या वेळी एका बटणात खरेदी व्हावी, अशी युक्ती त्यांनी काढली आणि 28 सप्टेंबर 1999 रोजी तिचं पेटंटही मिळवलं. लगेच बार्न्स अँड नोबल या दुसऱ्या पुस्तकवाल्यावर खटला भरला. त्या वर्षीच्या डिसेंबरात न्यायालयानं तात्पुरती मनाई दिली, आणि त्या दुकानाला मुद्दाम दुसरं बटण दाबायला लावावं लागलं. अ‍ॅपल कंपनीनं 2000 मध्ये याच युक्तीचा परवाना विकत घेतला. पेटंटची मुदत 2017 मध्ये संपली. एका बटणासाठी एवढी भांडणं! आमच्या अक्का म्हणाल्या, बांधावरून होतात तशीच.

पण यातून धंद्यातल्या लोकांनी जो धडा घेतला तो अर्धवट होता. साठवलेलं खातं म्हणजे संपत्ती, एवढं त्यांना कळलं. गिऱ्हाईक परत येतं, त्याच्या आवडीनिवडी कळतात, त्याला पत्रं पाठवता येतात. मग ज्यानं त्यानं दारातच फळी आडवी टाकली. आधी खातं, मग खरेदी. अ‍ॅमेझॉनच्या खात्यानं गिऱ्हाइकाचे कष्ट वाचत होते, हे बाजूला राहिलं. वर्षातून एकदा छत्री विकणारं दुकानही पासवर्ड मागू लागलं.

ही फळी किती महाग पडते याची एक गोष्ट जेरेड स्पूल या अमेरिकी सल्लागारानं 2009 मध्ये लिहिली. त्या क्षेत्रातले लोक तिला '30 कोटी डॉलरचं बटण' म्हणून ओळखतात. एक मोठं दुकान होतं. नाव स्पूलनं सांगितलेलं नाही. टोपली भरून झाली की तिथे एक छोटा फॉर्म यायचा. दोन रकाने, ईमेल आणि पासवर्ड. दोन बटणं, लॉगिन आणि रजिस्टर. खाली एक ओळ, पासवर्ड विसरलात का? दुकानवाल्यांना वाटलं, नव्या माणसाला एकदाच त्रास, जुन्याला सोयच सोय.

स्पूलच्या लोकांनी गिऱ्हाइकांना प्रत्यक्ष समोर बसवून खरेदी करायला लावली. तेव्हा दिसलं ते उलटंच. पहिल्यांदा आलेली माणसं रजिस्टरचं बटण बघून चिडायची. त्यांचं म्हणणं साधारण असं, की आम्हाला वस्तू हवी आहे, तुमच्याशी नातं जोडायचं नाही. (हे आम्ही बैठकीत सांगितलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "बरोबर आहे, मटकी घ्यायला गेलेल्या बाईला कुणी सोयरीक विचारतं का?") आणि जुनी गिऱ्हाइकं? त्यांना पासवर्ड आठवायचा नाही. आपण कुठला ईमेल दिला होता तेही आठवायचं नाही. मग वैतागून नवं खातं काढायची. दुकानाची वही तपासली तर 45 टक्के गिऱ्हाइकांची एकापेक्षा जास्त खाती निघाली, काहींची दहा-दहा. पासवर्ड विसरल्याचे अर्ज दिवसाला 1 लाख 60 हजार यायचे. त्यातले 75 टक्के लोक पुढे खरेदी पूर्ण करत नसत.

उपाय काय केला? रजिस्टरचं बटण काढलं आणि तिथे 'पुढे चला' असं बटण ठेवलं. शेजारी दोन-तीन ओळी लिहिल्या, की खरेदीसाठी खातं काढायची गरज नाही, पुढच्या वेळी लवकर व्हावं असं वाटत असेल तर खरेदी करतानाच काढू शकता. बस्स. खरेदी पूर्ण करणारे 45 टक्क्यांनी वाढले. पहिल्या महिन्यात दीड कोटी डॉलर जास्तीचे, पहिल्या वर्षात 30 कोटी डॉलर. त्या वेळच्या भावानं ते 1,400 कोटी रुपयांच्या आसपास जातात.

ही गोष्ट वाचून आम्हाला दुकानाच्या नफ्यापेक्षा त्या लाखभर माणसांचं जास्त वाटलं. दिवसाला लाखाच्या वर माणसं टोपली तशीच टाकून निघून जात होती आणि दुकानवाल्यांना त्याचं काही वाटत नव्हतं, कारण दारातून परत गेलेला माणूस कुठल्याच वहीत दिसत नाही. बेमार्ड ही डेन्मार्कमधली संस्था अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना दरवर्षी विचारते की टोपली अर्धवट का सोडली. आजही साधारण चार-पाच जणांतला एक सांगतो, खातं काढायला लावलं म्हणून.

आपल्याकडे ही कथा वेगळ्या वाटेनं गेली. फ्लिपकार्ट 2007 मध्ये पुस्तकं विकत सुरू झालं. आपल्या लोकांकडे कार्ड कमी आणि न पाहिलेल्या दुकानावर भरवसा त्याहून कमी, म्हणून 2010 मध्ये त्यांनी माल आल्यावर रोख घेण्याची सोय आणली. म्हणजे जुन्या व्ही.पी.चीच नवी आवृत्ती. पैसे कार्डानं भरताना दुसरी खात्री लागेल असा नियम रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2009 पासून लावला होता, त्यातून ओटीपी घरोघरी माहीत झाला. तो नियम पैशाच्या सुरक्षेसाठी होता आणि चांगला होता. पण हळूहळू दुकानांनी पासवर्डाच्या जागीही मोबाईल नंबर आणि ओटीपी घेतला. ईमेल नसलेल्या, इंग्रजी पासवर्ड न जमणाऱ्या माणसाला हे सोपं गेलं, हे मान्य करायला हवं. आमच्या गटातल्या निम्म्या जणींना आठ अक्षरांचा पासवर्ड, त्यात एक कॅपिटल आणि एक चिन्ह, हे काय ते आजही समजावून सांगावं लागतं.

पण नंबर म्हणजे माणूस, असं धरलं की एक भोक पडतं, आणि त्यात आपण बायका पडतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या स्त्रियांना विचारलं होतं की तुम्ही स्वतः वापरता असा मोबाईल तुमच्याकडे आहे का. देशभरात 54 टक्के जणी हो म्हणाल्या. बाकीच्या जणींच्या घरात फोन नाही असं नाही. फोन आहे, पण तो कुणाचा तरी आहे. कधीतरी इंटरनेट वापरलं आहे असं सांगणाऱ्या तर 33 टक्केच.

आता अक्कांची वही आठवा. सामान बाईनं भरायचं आणि नाव नवऱ्याचं. ते पान आता फोनमध्ये आलं आहे. खातं दादांच्या नंबरावर, मग काय मागवलं त्याची यादी दादांच्या खिशात. बॉबिन केसचं काही नाही. पण सॅनिटरी पॅड आहेत, अंतर्वस्त्रं आहेत, गर्भाची तपासणी करायची पट्टी आहे, स्पर्धा परीक्षेचं पुस्तक आहे. एखाद्या सुनेनं स्वतःच्या शिलाईच्या पैशांतून घेतलेली साडी आहे. गावच्या दुकानात ओळखीचे डोळे नकोत म्हणून बाई फोनकडे वळली, तर तिथे ओटीपी घरच्या माणसाकडे जातो. रोख देऊन, नाव न सांगता घेण्याची मुभा वाण्यानं वाटसरूला दिली होती. ती मुभा कुठे गेली?

दुकानवाल्यांची बाजूही आहे. पार्सल पोचवायला पत्ता लागतो, पोरगा दारात आल्यावर हाक मारायला नंबर लागतो. रोखीची पार्सलं लोक खुशाल परत पाठवतात, खोट्या ऑर्डरी देतात. वस्तू खराब निघाली तर कुणाला विकली ते माहीत हवं. हे सगळं खरं आहे. पण यातल्या प्रत्येक गोष्टीला त्या एका ऑर्डरवरचं नाव, पत्ता आणि नंबर पुरतो. कायमचं खातं त्यासाठी लागत नाही. जर्मनीतल्या माहिती संरक्षण अधिकाऱ्यांच्या परिषदेनं 24 मार्च 2022 रोजी असंच ठरवलं, की ऑनलाइन दुकानानं सर्वसाधारणपणे पाहुणा म्हणून खरेदी करण्याची वाट उघडी ठेवली पाहिजे. आपल्याकडे मे 2023 मध्ये ग्राहक व्यवहार खात्यानं दुकानदारांना बजावलं, की बिल देण्यासाठी मोबाईल नंबरची सक्ती करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यात 13 प्रकार सांगितले आहेत आणि 'सक्तीची कृती' हा त्यातला एक. हवी ती वस्तू घ्यायची तर संबंध नसलेल्या दुसऱ्या सेवेत नाव नोंदवा किंवा खासगी माहिती द्या, अशी अट घालणं त्यात येतं. खातं सक्तीचं करणं प्रत्येक वेळी यात बसेलच असं नाही, पण नंबर द्यायला का लावता, असं विचारायचा आधार आता आहे. दाद मागायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.

आता आमची स्वतःची चूक सांगायला हवी, नाहीतर हे भाषण दुसऱ्याच्या नावानं बोटं मोडण्याचं होईल.

आमच्या गटाची कडक भाकरी आणि शेंगा चटणी सोलापूरच्या बाहेरही जाते. दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या मुलाकडून आम्ही ऑर्डर घेण्याचं पान करून घेतलं. त्यानं विचारलं, गिऱ्हाइकांना लॉगिन ठेवायचं ना? आम्ही हो म्हणालो. मोठ्या दुकानांत असतं तसं आपल्यातही असावं, एवढाच विचार. महिनाभर ऑर्डरी जेमतेम. लोक चटणी बघत होते, टोपलीत टाकत होते आणि गायब होत होते. मग पुण्याच्या एका निवृत्त बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "अहो, अर्धा किलो चटणीसाठी जन्मतारीख कशाला मागताय?" आम्ही पान उघडून पाहिलं, तर खरंच मागत होतो! आमच्यातल्या एकीलाही ते माहीत नव्हतं, कारण आम्ही स्वतः आमच्याच दुकानातून कधी खरेदी करून बघितली नव्हती.

वहिनींच्या प्रश्नानंतर आम्ही ते पान बदलून घेतलं. आता नाव, पत्ता, पोचवायला एक नंबर, आणि ऑर्डर झाल्यावर खाली एक ओळ, पुढच्या वेळेसाठी पत्ता ठेवायचा का? हो किंवा नाही.

एक वाद अजून मिटलेला नाही. जुन्या लॉगिनमधली नंबरांची यादी आमच्याकडे पडून आहे. मध्यंतरी एका मसालेवाल्यानं ती विकत मागितली. आमच्या खजिनदार म्हणतात, गटाला पैसे लागतात, यादी आपण कष्टानं जमवली आहे. बाकीच्या जणी म्हणतात, त्या बायकांनी चटणीसाठी नंबर दिला होता, मसाल्यासाठी नाही. 1993 साली रिझर्व्ह बँकेनं नोंदणी नसलेल्या बचत गटांनाही बँकेत खातं उघडायची परवानगी दिली, म्हणून आपण आज इथवर आलो, हे आम्ही खजिनदारांना सांगून पाहिलं. आपल्याकडून कुणी नोंदणीचा कागद मागितला नाही, पदर बघून भरवसा ठेवला. त्या म्हणाल्या, तो विषय वेगळा. पुढच्या बैठकीत मतदान आहे. तोवर यादी कपाटात.

आणि वहिनींनी बॉबिन केस मागवला. दुसऱ्या एका छोट्या दुकानातून, जिथे 'पाहुणा म्हणून पुढे चला' असं लिहिलेलं होतं. नावाच्या रकान्यात मुलगी सवयीनं दादांचं नाव घालायला लागली, तर वहिनींनी तिचा हात धरला आणि स्वतःचं नाव सांगितलं, सासरच्या आडनावासकट पूर्ण. पार्सल आलं तेव्हा पोऱ्यानं दारात उभं राहून ते नाव मोठ्यानं वाचलं. घरात कुणी त्या नावानं हाक मारत नसल्यामुळे सासूबाई आतून म्हणाल्या, "अशी कुणी इथं राहत नाही."